सीआरपी बेचाळीस, पण श्वास कसा आहे?

फोनवरचा प्रश्न बहुतेक वेळा एका आकड्याचाच असतो. "सीआरपी बेचाळीस आलाय. पाचच्या आत हवा असं छापलंय. आता काय करायचं?" सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी, आणि विषाणूच्या तापात तिच्यासोबत अशा आणखीही चाचण्या केल्या जातात. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पलीकडच्या माणसाच्या हातातल्या कागदावर माझीच सही असते, तरी नुसत्या आकड्यावरून मला काही सांगता येत नाही. मग मी उलट तीन प्रश्न विचारते. तापाचा आज कितवा दिवस? सलग बोलताना मध्येच दम घ्यावा लागतोय का? आणि खोलीतल्या खोलीत थोडं चालल्यावर बोटावरचा ऑक्सिमीटर किती दाखवतो?

तिसऱ्या दिवशी अंग ठणकतंय, ताप १०२ आहे, पण माणूस उठून स्वतःच्या पायांनी फिरतोय, श्वास शांत आहे. अशा वेळी आलेला बेचाळीस म्हणजे शरीर विषाणूशी लढतंय, एवढीच खूण. नवव्या दिवशी, ताप उतरून पुन्हा चढलेला असताना, चार पावलांत धाप लागत असताना, परवा बारा असलेला सीआरपी आज बेचाळीस झाला असेल, तर मी फोन ठेवून लगेच रुग्णालय गाठायला सांगते. आकडा तोच, पण दोन माणसांची अवस्था पूर्ण वेगळी. ती वेगळी का, हे कळायचं तर या चाचण्या नेमकं काय मोजतात ते आधी पाहायला हवं.

यातली एकही चाचणी विषाणू मोजत नाही. फ्लू असो, कोविड असो किंवा आरएसव्ही, विषाणू आहे की नाही हे नाका-घशातल्या स्वॅबवरून कळतं. रक्तातले हे आकडे मोजतात ते शरीराची प्रतिक्रिया आणि त्या झटापटीत झालेलं नुकसान. विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींत शिरला की त्या पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतात. शेजारच्या पेशींसाठी ती धोक्याची हाक असते. त्यामागोमाग मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात आणि सायटोकाइन नावाचे निरोप रक्तात पाठवतात. त्यातला आयएल-६ हा निरोप यकृतापर्यंत पोचला की यकृत आपलं नेहमीचं काम थोडं बाजूला ठेवून आणीबाणीची प्रथिनं बनवायला घेतं. सीआरपी हे त्यातलंच एक. म्हणजे कागदावरचा सीआरपी ही तिसऱ्या हाताने आलेली बातमी आहे: फुप्फुसात काहीतरी घडलं, त्याचा निरोप निघाला, तो यकृताने वाचला आणि मग आपल्याला दिसला. बातमी खरी असते, पण थोडी उशिराची.

सीआरपीचा शोधही न्यूमोनियातूनच लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघं न्यूमोकॉकस या जिवाणूच्या आवरणाजवळच्या 'सी' नावाच्या घटकावर काम करत होते. तीव्र आजारात असलेल्या रुग्णांचा सीरम या घटकात मिसळला की गाळ जमायचा. रुग्ण बरा झाला की त्याच रुग्णाच्या सीरममध्ये तो जमेनासा व्हायचा. 'सी'शी प्रतिक्रिया देणारं प्रथिन म्हणून ते सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी. आजारात चढतं आणि बरं होताना उतरतं, ही त्याची ओळख पहिल्या दिवसापासूनची आहे.

त्याचं चढणं-उतरणं वेगाने होतं. दाह सुरू झाल्यावर सहाएक तासांत सीआरपी वाढायला लागतो आणि दीड-दोन दिवसांत कळस गाठतो. दाह थांबला की रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्ट कितीतरी जास्त सांगतात. परवा ९०, काल ५५, आज ३०, अशी रांग दिसली की आजचा ३० 'नॉर्मल'च्या सहापट असला तरी मन निवांत होतं. उलटी रांग असेल तर ३० सुद्धा झोप उडवतो.

साध्या विषाणूजन्य सर्दी-तापात सीआरपी बहुधा १० ते ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास फिरतो. शंभरच्या वर गेला की डॉक्टर दोन गोष्टींचा विचार करतात: फुप्फुसात दाह बराच पसरलाय, किंवा विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूही शिरलाय. यालाही अपवाद आहेत. अॅडिनोव्हायरससारखा विषाणू एकट्याने सीआरपी भरपूर चढवू शकतो. सांधेदुखीचा जुना दाह, नुकती झालेली शस्त्रक्रिया, पडल्याची मोठी जखम, यांनीही तो वाढतो. यकृताने बनवलेला सीआरपी कुठल्या कारणासाठी बनवला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

इथेच एककाबद्दल सांगते, कारण त्यापायी घरंच्या घरं घाबरलेली मी पाहिली आहेत. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. काल एका ठिकाणी ४.२ आणि आज दुसऱ्या ठिकाणी ४२ आला, तर तो दहापट वाढला असेल किंवा जराही वाढला नसेल. आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात छापलेलं एकक आधी वाचा, मग आकडा.

आता सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. ही सगळ्यांत साधी, जवळपास सगळीकडे होणारी चाचणी आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. लोक हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघतात आणि पान उलटतात. विषाणूच्या आजारात खरी गोष्ट पांढऱ्या पेशींच्या वाटणीत असते. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे दोन मोठे गट. ढोबळमानाने न्यूट्रोफिल ही पहिली धावून जाणारी फौज, आणि लिम्फोसाइट ही शत्रू ओळखून नेमका वार करणारी. प्रौढांच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण १००० ते ४००० लिम्फोसाइट असतात. गंभीर फ्लू, गंभीर कोविड, आरएसव्ही, या सगळ्यांत त्या घटतात. काही रक्तातून निघून फुप्फुसात जातात, काही मरतात, आणि आजाराच्या ताणाने वाढलेलं कॉर्टिसॉलही त्यांना रक्तातून हटवतं. त्याच वेळी न्यूट्रोफिल वाढतात. दोन्हींचा भागाकार केला की एनएलआर हा आकडा मिळतो. निरोगी प्रौढात तो बहुधा १ ते ३ असतो. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत देशोदेशीच्या अभ्यासांत हेच दिसलं: ज्यांचा एनएलआर चढत गेला, त्यांचा आजार बळावण्याची शक्यता जास्त होती.

या आकड्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही. सीबीसीच्या कागदावर न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के असं छापलेलं असलं की भागाकार केला, सहा आला. मात्र याच्या मोठ्या मर्यादा आहेत. स्टिरॉइडची गोळी सुरू केली की दुसऱ्याच दिवशी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. आजार तितकाच असतो, एनएलआर मात्र दुप्पट झालेला दिसतो. म्हणून सॅम्पल घेताना आम्ही विचारतो की काही औषध चालू आहे का, आणि बरेच जण सवयीने "काही नाही" म्हणतात. दुसरी गोष्ट लहान मुलांची. लहानपणी लिम्फोसाइटचं प्रमाण मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असतं. मोठ्यांचा एनएलआर मुलांच्या रिपोर्टला लावायचा नाही.

डी-डायमरबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण याच्याएवढी भीती दुसऱ्या कुठल्याच चाचणीने पसरवली नाही. रक्त गोठताना फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि त्या धाग्यांना आडवे टाके पडतात. गुठळीचं काम संपलं की प्लाझ्मिन नावाचं विकर ती जाळी कातरतं. कातरताना टाक्याने जोडलेले दोन 'डी' भाग एकमेकांना चिकटूनच सुटतात. हा जोडतुकडा म्हणजे डी-डायमर. म्हणजे कुठेतरी जाळी विणली गेली आणि उसवलीही गेली, एवढंच तो सांगतो. कुठे, हे सांगत नाही. पायातल्या शिरेत मोठी गुठळी असली तरी तो वाढतो, फुप्फुसाच्या वायुकोशांत सुजेमुळे साचलेलं फायब्रिन विरघळत असलं तरीही वाढतो. गरोदरपणात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर वाढतो, वयाप्रमाणेही हळूहळू वाढत जातो.

मार्च २०२० मध्ये वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर होता, त्यांच्यात मृत्यूची शक्यता बरीच जास्त दिसली. हा अभ्यास महत्त्वाचा होता आणि त्यातून पुढचं बरंच संशोधन उभं राहिलं. पण ते १९१ जण रुग्णालयात भरती झालेले होते. त्यांच्यासाठीचा निष्कर्ष घरी बसून सूप पिणाऱ्या, साध्या तापाच्या माणसाला लावला गेला, आणि जगभर लोक डी-डायमर किंचित वाढला म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊ लागले. २०२१ साली अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांवर याची नीट चाचणी झाली. काहींना अॅस्पिरिन, काहींना अपिक्साबान, काहींना औषध नसलेली गोळी. मुळात गुठळ्यांचे त्रासच इतक्या थोड्या लोकांना झाले की चाचणी लवकर थांबवावी लागली, आणि गोळ्यांचा फायदा दिसला नाही. रुग्णालयात दाखल असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा उपयोग आजाराच्या पायरीनुसार होतो, आणि ते डॉक्टर रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून देतात.

डी-डायमरमध्येही एककाचा घोळ आहेच, आणि तो सीआरपीपेक्षा गुंतागुंतीचा. काही यंत्रं तो एफईयू या पद्धतीने मोजतात, काही डीडीयूने. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. त्यात नॅनोग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांचा हजारपटीचा फरक मिसळला की ०.५, ५०० आणि २५० हे तिन्ही आकडे एकाच पातळीचे असू शकतात. शिवाय गुठळी नाही याची खात्री करताना पन्नाशीपुढच्या माणसासाठी मर्यादा वयाप्रमाणे वाढवतात. एफईयू नॅनोग्रॅममध्ये वय गुणिले दहा. ७८ वर्षांच्या आजींना ७२० आला तर त्या हिशेबाने तो मर्यादेच्या आतच आहे, पण कागदावर त्यासमोर ठळक बाण छापलेला असतो. तो बाण यंत्र छापतं, आणि बहुतेक ठिकाणी यंत्रात सगळ्या वयांसाठी एकच मर्यादा भरलेली असते.

एलडीएचची गोष्ट हातात धरून दाखवता येण्याजोगी आहे. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की खाली लाल थर बसतो आणि वर पिवळसर पारदर्शक सीरम राहतो. नळी उजेडासमोर धरली तर तो गवताच्या सुक्या काडीच्या रंगाचा दिसायला हवा. कधीकधी तो गुलाबी दिसतो, अगदी पातळ कोकमी छटा. म्हणजे रक्त काढताना, ओढताना किंवा नळी जोरात हलवताना लाल पेशी फुटल्या. एलडीएच हे विकर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. फुप्फुसाच्या पेशी मेल्या की ते रक्तात सांडतं, म्हणून गंभीर न्यूमोनियात ते वाढलेलं दिसतं आणि ही खूण उपयोगाची आहे. पण लाल पेशींतही ते भरपूर असतं. नळीत पेशी फुटल्या तर रुग्णाच्या फुप्फुसाला काहीही न होता एलडीएच चढलेला येतो. असा गुलाबी सीरम दिसला की सॅम्पल परत मागवायचं, हा नियम आहे. रिपोर्ट हातात असलेल्या माणसालाही एक धागा मिळू शकतो: एलडीएच वाढलाय आणि सोबत पोटॅशियमही विनाकारण वाढलेलं दिसतंय, तर सॅम्पल पुन्हा द्यावं का, हे विचारायला हरकत नाही.

फेरिटिनवर मी फार वेळ घालवणार नाही. ते लोह साठवणारं प्रथिन आहे, दाहात वाढतं, आणि हजारांत गेलं तर डॉक्टर गांभीर्याने घेतात. पण मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांत ते एरवीही वाढलेलं असतं, तर लोहाची कमतरता असलेल्या बाईत दाह असूनही ते 'नॉर्मल' दिसू शकतं.

आयएल-६ मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घराघरांत पोचला तो त्याच्यामुळे. प्रत्यक्षात गंभीर कोविडमधला आयएल-६ हा सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेच्या) किंवा काही कर्करोग-उपचारांनंतर येणाऱ्या खऱ्या वादळातल्या पातळीपेक्षा बराच कमी असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसून आलं. शिवाय तो तासातासाला बदलतो. आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर तर चित्र फारच फसवं होतं. हे औषध आयएल-६ ज्या कुलपात बसतो ते कुलूपच अडवतं. त्यामुळे रिकामा फिरणारा आयएल-६ रक्तात वाढतो, तर यकृताला निरोप न मिळाल्याने सीआरपी धाडकन उतरतो. एक आकडा वर, दुसरा खाली, आणि त्यातल्या कुठल्यावरूनही रुग्ण सुधारतोय की नाही हे ठरवता येत नाही. विशेषतः सीआरपी उतरलेला असताना नवा जिवाणूसंसर्ग दबा धरून बसलेला असू शकतो. औषधाने थर्मामीटर बिघडावा आणि ताप मात्र तसाच राहावा, तशी ही अवस्था.

प्रोकॅल्सिटोनिन हे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: जिवाणू आलाय का? जिवाणूसंसर्गात अनेक अवयवांतून ते बाहेर पडतं. विषाणूच्या लढाईत तयार होणारा इंटरफेरॉन-गॅमा त्याला दाबून ठेवतो. म्हणून विषाणूजन्य न्यूमोनियात ते बहुतेकदा कमी राहतं, आणि अँटिबायोटिकची गरज ठरवताना बाकीच्या लक्षणांसोबत त्याचा आधार घेता येतो. मूत्रपिंडं थकलेली असतील तर ते तसंही वाढलेलं असतं.

आता गणित. ते टाळलं तर बाकीचं सगळं अर्धवट राहील. समजा घरीच असलेले, साध्या लक्षणांचे १००० रुग्ण आहेत आणि त्यातले २० पुढे गंभीर होणार आहेत. समजा आपल्याकडची चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे: गंभीर होणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडते, आणि न होणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर 'ठीक' म्हणते. २० पैकी १६ पकडले गेले. उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांनाही चाचणीने उगाच 'धोका' म्हटलं. म्हणजे 'धोका' असा शिक्का बसलेले २१२, आणि त्यातले खरोखर गंभीर होणारे १६. दर तेरांमागे एक. बाकीचे बारा घाबरून सीटी स्कॅन करतील, स्टिरॉइड मागतील, रांगेत उभे राहतील. आणि 'ठीक' म्हटलेल्यांतले चार जण निर्धास्त राहतील, ही दुसरी बाजू.

आता हीच चाचणी ऑक्सिजन लागत असलेल्या, वॉर्डात दाखल १००० जणांना लावा. त्यांतले समजा ३०० गंभीर होणार आहेत. २४० पकडले जातील, आणि ७०० पैकी १४० उगाच. म्हणजे शिक्का बसलेल्या ३८० पैकी २४०, दर तिघांमागे जवळपास दोघं. चाचणी तीच, रसायनं तीच, यंत्र तेच. फक्त ती कोणाला केली हे बदललं. प्रत्येकाने पहिल्याच दिवशी 'सगळे मार्कर', म्हणजे रक्तातल्या या सगळ्या खुणा, करून घ्यायला माझा विरोध आहे तो यामुळे.

डॉक्टर वॉर्डात आकडे कसे वापरतात याचं चांगलं उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, मृत्यूचा धोका गुणांत मोजणारा ४सी मॉर्टॅलिटी स्कोअर. ब्रिटनच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ३५ हजारांहून जास्त कोविड रुग्णांच्या माहितीवरून तो बांधला आणि आणखी २२ हजारांवर तपासून पाहिला. आठ गोष्टी, एकूण २१ गुण: वय, लिंग, सोबतचे आजार, मिनिटाला श्वास किती, सॅच्युरेशन (ऑक्सिमीटर दाखवतो ते रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण), शुद्ध कशी आहे, रक्तातलं युरिया आणि सीआरपी. तीन किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्का, पंधरा किंवा जास्त गुण असलेल्यांत सुमारे ६२ टक्के. आठातल्या फक्त दोनच गोष्टी रक्तातल्या आहेत. सीआरपी शंभरच्या वर गेला तरी त्याला २१ पैकी २ गुण मिळतात. वय ऐंशी किंवा पुढे असेल तर एकट्या वयाला ७. मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास असेल तर त्यालाही सीआरपीइतकेच २ गुण, आणि ते मोजायला एक घड्याळ पुरतं. युरियासारखी जुनी, साधी चाचणी इथे ३ गुणांपर्यंत जाते, कारण मूत्रपिंडांवर ताण आलाय हे ती सांगते.

असे शेकडो स्कोअर त्या काळात छापले गेले. त्यांची सातत्याने छाननी करणाऱ्या संशोधकांना बहुतेकांत गंभीर त्रुटी आढळल्या. थोडे रुग्ण, एकच रुग्णालय, आणि ज्या माहितीवर स्कोअर बांधला तिच्यावरच तो तपासून 'उत्तम' म्हटलेला. दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर तो कोलमडायचा.

मग रक्ताच्या आकड्यावर उपचार कधी ठरतो? ठरतो, आणि ते उदाहरण नीट पाहावं असं आहे. ब्रिटनमध्ये कोविडच्या औषधांवर झालेल्या 'रिकव्हरी' नावाच्या चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी असे रुग्ण घेतले ज्यांचं सॅच्युरेशन ९२ पेक्षा कमी होतं किंवा ऑक्सिजन चालू होता, आणि शिवाय सीआरपी ७५ किंवा जास्त होता. औषध मिळालेल्यांत २८ दिवसांत ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ३५ टक्के. दुसरं उदाहरण सुपार नावाच्या मार्करचं. २०२१ मध्ये तो ६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त असलेल्या रुग्णांना अॅनाकिन्रा दिल्याचा फायदा दिसला, आणि युरोपात त्या औषधाला तीच अट घालून परवानगी मिळाली. अशा ठिकाणी चाचणीला आधीच एक ठरलेला प्रश्न आहे आणि उत्तर आल्यावर करायची एक ठरलेली कृती आहे.

याउलट डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, ज्याने सगळ्यांत जास्त जीव वाचवले, त्याची निवड कुठल्याच मार्करवर ठरली नाही. त्याच रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये त्याचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर, ऑक्सिजनवरच्यांत २६ वरून २३ वर. ऑक्सिजन लागत नव्हता अशांत मात्र फायदा नाही, उलट मृत्यूचा आकडा १४ ऐवजी जवळपास १८ टक्के होता. तो फरक योगायोगाचा असू शकतो, पण सावध करणारा आहे. रेषा ओढली ती ऑक्सिजनने. सीआरपी वाढलाय म्हणून ऑक्सिजन नॉर्मल असलेल्या माणसाला घरी स्टिरॉइड सुरू करणं, याला त्या चाचणीचा आधार नाही. हे मी ठामपणे म्हणते. लवकर दिलेल्या स्टिरॉइडने साखर चढलेली आणि रोगप्रतिकार मंदावलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात कसा दिसतो, हे मी सीबीसी आणि साखरेच्या कागदांवर पुरेसं पाहिलंय.

दिवसाचा हिशेब इथेच येतो. कोविडमध्ये आजार बळावायचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला बळावतो. फ्लूमध्ये तो लवकर, तीन ते पाच दिवसांत वळण घेतो. लक्षणं सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेला चांगला रिपोर्ट सातव्या दिवसाची हमी देत नाही. वय जास्त असेल, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टर कधी आणि किती अंतराने चाचणी करायची ते ठरवतात. तोपर्यंत घरी मोजायची गोष्ट म्हणजे श्वास. माणूस स्वस्थ बसलेला असताना, त्याच्या लक्षात न येता, पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजायची. प्रौढात ती साधारण १२ ते २० असते. २४-२५ च्या पुढे राहू लागली तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. ओठ निळसर दिसणं, छातीत दडपण, गोंधळल्यासारखं बोलणं, जाग न येणं, यातलं काहीही असेल तर अजिबातच नाही.

ऑक्सिमीटरबद्दलही एक गोष्ट माहीत असलेली बरी. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश लावलेलं असेल तर तो चुकतो. शिवाय गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये छापलेल्या अमेरिकी पाहणीत, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के होतं, गोऱ्यांत ४ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे यंत्र ९५ म्हणतंय आणि माणूस धापतोय, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

आजार बळावण्याआधीच तो कोणाला बळावेल हे सांगणारी खूण सापडेल का, याचा शोध चालू आहे. २०२० मध्ये गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. धोक्याची पहिली हाकच त्यांच्या शरीरात दाबली जात होती, आणि हे संसर्गाच्या आधीपासून होतं. पुढे दिसलं की सत्तरीपुढच्या, संसर्ग न झालेल्या लोकांतही सुमारे ४ टक्क्यांत ती असतात. बाकीच्या मार्करांपेक्षा हे मुळातच वेगळं आहे. सीआरपी आग लागल्यावरचा धूर दाखवतो, इथे आगीचा बंब आधीच बिघडलेला होता, हे कळतं.

असाच बेचाळीसचा आकडा घेऊन फोन करणाऱ्या एका बाईंच्या वडिलांचा ताप पाचव्या दिवसात होता. श्वास मिनिटाला १८, चालल्यावर सॅच्युरेशन ९६. त्यांना मी डॉक्टरांशी बोलून दोन दिवसांनी, त्याच प्रयोगशाळेत, शक्यतो त्याच वेळी सीबीसी आणि सीआरपी पुन्हा करायला सांगितलं, आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवायला सांगितलं: तापाचा पाचवा दिवस, श्वास १८, स्टिरॉइड नाही.